पिझ्झाचं कवच

आमच्या पोराला सध्या एक खूळ लागलंय, इंग्रजी शब्द दिसला की फोनला विचारायचं मराठीत काय म्हणतात आणि जे उत्तर येईल ते वहीत उतरवून मोकळं व्हायचं. सहावीत आहे. मधे एकदा संध्याकाळी पाऊस धो धो लागलेला, कुठं बाहेर जाणं नाही, म्हणून पिझ्झा मागवला, तर साहेबांनी नेहमीप्रमाणं मधलं चीज चीज खाल्लं आणि कडा डब्यात टाकून म्हणतोय कसा, "आई, मला हे कवच नको, तू खा."

सासूबाई समोरच लसूण सोलत बसलेल्या. त्यांनी मान वर केली. "कवच? कुणाचं रं, कर्णाचं व्हय?"

झालं असं होतं की क्रस्ट शब्दाला फोननं 'कवच' असं उत्तर दिलं होतं, आणि भूगोलाच्या पुस्तकात पण भूकवच आहेच, म्हणजे ह्याच्या हिशोबानं विषय मिटला. मग माझ्या गुडघ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "मग हे पण कवचच ना, डॉक्टरांच्या कागदावर पण क्रस्ट लिहिलंय." मी हसले खरी, पण रात्री भांडी आवरताना तेच डोक्यात फिरत राहिलं. इंग्रजांचं एकाच शब्दावर भागतं आणि आपल्याकडं त्याच जागी डझनभर शब्द पडलेत, आणि त्यातला नेमका सगळ्यात न बसणारा शब्द आपण पृथ्वीला दिलाय असं माझं आता ठाम मत झालंय. ते कसं ते सांगते पण आधी गुडघ्याचं सांगायला पाहिजे कारण सुरुवात तिथनं आहे.

त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही मसाई पठारावर गेलो होतो. पन्हाळ्याच्या पुढं, ज्या वाटेनं दरवर्षी जुलैत पोरं पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात तीच वाट. ऑगस्टात तिथं नुसतं हिरवंगार आणि धुकं, आणि मधे मधे काळपट तांबडा उघडा दगड, त्यावर शेवाळ. माझी फ्लोटर गुळगुळीत झालेली, नवरा दोनदा म्हणाला होता बदल म्हणून. फोटो काढायला मागं सरकले आणि पाय सटकला आणि उजव्या गुडघ्यावर दोन हात लांब फरफटत गेले. आता काळा पाषाण असता तर मुका मार बसला असता, पण हा जांभा. ज्यांनी हात लावलाय त्यांना माहितीय, जांभा म्हणजे दगड कमी आणि किसणी जास्त, भोकं भोकं, कडा धारदार. लेगिंग फाटली आणि आतलं कातडं किसून निघालं, रक्त फार नाही पण पाणी पाणी सुटलेलं, आणि त्यात तांबडी माती.

घरी आल्यावर दोन पार्ट्या पडल्या. डॉक्टरांनी खसाखसा धुतलं (ब्रह्मांड आठवलं), धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, मलम लावून झाकलं आणि सांगितलं की कोरडं पडू देऊ नका, रोज मलम, रोज नवीन पट्टी. आणि सासूबाईंचं म्हणणं बरोबर उलटं. "झाकून ठेवलंस तर चिघळंल. वारं लागू दे, खपली धरू दे, आणि धरली की नखं लावू नगंस, आपसूक पडंल." तिसऱ्या दिवशी एकदा पट्टी सुटली, मी आळस केला, तर एका रात्रीत खपली धरली पण. डॉक्टर हसले आणि कागदावर लिहिलं, क्रस्ट. वर म्हणाले मधासारखी पिवळी खपली दिसायला लागली तर लगेच या, पावसाळ्यात पोरांच्या तोंडाभोवती येते तसली, ते इन्फेक्शन असतं.

खरं सांगायचं तर ह्या वादात दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहेत. खपली म्हणजे काय तर रक्तातल्या प्लेटलेट आधी येऊन भोक बुजवतात, मग फायब्रिन नावाच्या प्रोटीनचे धागे जाळं विणतात, त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात आणि वरनं पाणी उडून गेलं की ते सगळं वाळून टणक होतं. म्हणजे शरीरानं स्वतःच्याच मालातनं केलेलं झाकण. पण खालची नवी कातडी वाढते ती कडेकडेनं आत सरकत सरकत, आणि तिला सरकायला ओल लागते, वर वाळलेली खपली असली की तिला खालून बोगदा काढल्यासारखं जावं लागतं. जॉर्ज विंटर म्हणून एक संशोधक होते, त्यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर हे बघितलं, काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ कागद लावला, तर झाकलेल्या ओल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. म्हणजे डॉक्टर बरोबर. पण ज्या काळात ना मलम ना स्वच्छ पट्टी, त्या काळात खपली हीच पट्टी होती आणि ती नखानं काढली तर नवी आलेली कातडी पण सोबत निघायची, म्हणजे सासूबाई पण बरोबर. मी हे दोघांनाही सांगितलेलं नाही.

कांजिण्यांचं पण तसंच आहे बघा. पोराला दुसरीत असताना झाल्या होत्या तेव्हा शाळेनं सांगितलेलं की सगळ्या फोडांवर खपली धरल्याशिवाय पाठवू नका, कारण तोपर्यंत दुसऱ्याला लागण होऊ शकते. मी रोज सकाळी उठून त्याच्या पाठीवरचे फोड मोजायची, गुऱ्हाळात काहिलीकडं बघत बसतात तसं, झालं का, झालं का. बाकी अंगावर क्रस्ट म्हणावं असं आणखी पण बरंच असतं, डोळ्यातली चिपडं, नाकातलं मेकूड, तान्ह्या बाळाच्या टाळूवरचा कोंड्यासारखा थर, पण ह्या विषयावर पोरगा अर्धा तास न थांबता बोलू शकतो म्हणून इथंच आवरते.

आता खायचं. पिझ्झाच्या कडेला कडा म्हणायचं, विषय संपला, त्यात कवच कुठनं आलं. कोल्हापुरात तर ब्रेडच्या कडेला वेगळाच मान आहे कारण आपली मिसळ पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर खातात, आणि आमच्या घरात नवऱ्याचा हट्ट असा की ब्रेडचा पहिला आणि शेवटचा तुकडा, जो बाकी सगळी दुनिया टाकून देते, तो त्याला पाहिजे. कारण विचारलं तर म्हणतो मधला स्लाइस कटात बुडवला की वाटीतच विरघळतो, हा तुकडा तोंडापर्यंत येतो. बरोबर आहे त्याचं. ब्रेडच्या आत पाणी असतं तोवर आतलं तापमान काही शंभराच्या वर जात नाही, म्हणून आत मऊ आणि पांढरा, पण बाहेरचं पाणी उडालं की वरचा थर दीडशेच्या पुढं जातो आणि मग तिथं साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून तो तांबूस रंग आणि वास येतो. लुई कामिय मेयार ह्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये ही गोष्ट पहिल्यांदा मांडली म्हणून तिला त्याचं नाव आहे. आपल्याकडं ह्या सगळ्या केमिस्ट्रीला एक शब्द आहे, खरपूस. करपलेलं नाही आणि कच्चं नाही, त्याच्या मधली ती जी अर्ध्या मिनिटाची जागा असते ना, ती.

आणि भाकरीचा तर विषयच नको. भाकरीला कडा असते, बूड असतं आणि पापुद्रा असतो, तिन्ही वेगळं. सासूबाई शाळूची भाकरी थापून तव्यावर टाकतात, वरनं ओल्या हाताचं पाणी फिरवतात, ते पाणी वाळत आलं की उलटतात, आणि ती बाजू भाजली की तवा बाजूला सारून भाकरी थेट जाळावर. आत कोंडलेली वाफ निघायला जागा शोधते आणि दोन थर एकमेकांपासून सोडवते, टम्म. जो वरचा पातळ थर सुटतो तो पापुद्रा. तो अलगद उचलायचा, आत खर्डा आणि तेल, वर पापुद्रा परत झाकायचा. माझी भाकरी पंधरा वर्षं झाली अजून निम्म्या वेळा फुगत नाही आणि त्याला कारण पाण्याचा हात, असं त्यांचं निदान आहे. पापुद्रा म्हटलं की कळतं की हे वाफेनं सुटलेलं आहे. भिंतीला ओल येऊन जे सुटतं तो पोपडा. तळाला लागून धरतं ती खरवड. जखमेवर धरते ती खपली. शब्दातच सांगितलेलं असतं की हे झालं कसं आणि निघणार कसं, खपली पडते, पापुद्रा सुटतो, पोपडा उडतो, खरवड मात्र खरवडूनच काढावी लागते.

खपलीवरनं आठवलं, खपली गहू. आता पुण्या-मुंबईच्या लोकांनी शोध लावल्यासारखा केलाय आणि भाव कुठल्या कुठं नेऊन ठेवलाय, पण आपल्याकडं कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात तो पूर्वीपासून आहे आणि सणाला त्याचीच खीर. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो, पण ह्याचं टरफल दाण्याला असं चिकटून बसतं की मळणी होऊन पण सुटत नाही, कांडावं लागतं. दहा हजार वर्षांपूर्वी माणसानं जी पहिली पहिली धान्यं शेतात लावली त्यातला हा एक, बाकी गहू सुधारले, ह्यानं काही आपली खपली सोडली नाही. शिरोळकडं नणंदेचं घर आहे, तिच्या सासऱ्यांना मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले टरफल हाय म्हणून किडा लवकर शिवत न्हाई. आणि जाता जाता एक, ह्यात ग्लुटेन नसतं म्हणून जे मेसेज फिरतात ते खोटं आहे, असतं, गहूच आहे तो शेवटी. ज्यांना डॉक्टरांनी ग्लुटेन बंद केलंय त्यांनी हा खाऊ नये.

हां तर भूकवच.

कवच म्हणजे बाहेरनं चढवलेली वस्तू. किंवा कर्णाचं घ्या, जन्मासोबत आलेलं, पण काम एकच, बाहेरच्या मारापासून आतल्याला वाचवायचं. खेकड्याचं कवच हे खरं कवच. पृथ्वीचं तसं काही नाही. कुणी तिला ते घातलं नाही आणि ते कुणापासून कुणाला वाचवत पण नाही. आतल्याच ऐवजातला हलका हलका भाग वर आला, थंड झाला आणि थर धरला. ह्याला आपल्या घरात काय म्हणतात? साय!

आणि नुसतं बोलायला नाही, मी हिशोब पण केला. पृथ्वीच्या मध्यापासून वरपर्यंत अंतर साधारण ६,३७१ किलोमीटर. जमिनीखालचा क्रस्ट सरासरी ३५ किलोमीटर धरा, समुद्राखाली तर फक्त सहा-सात. पातेल्यात वीतभर खोल दूध असेल तर ह्या प्रमाणात वरचा थर बसतो एक मिलिमीटरच्या आसपास. आता ज्यांनी गंगावेशीच्या कट्ट्यावरचं समोर पिळलेलं म्हशीचं दूध घरी आणून तापवलंय त्यांना विचारा एक मिलिमीटर साय म्हणजे काय ते, ती तर अशीच धरते. पोराला दाखवलं पातेलं. बघून म्हणाला, "मग खाली सगळं पातळ उकळतंय का?" तर नाही, इथं माझी उपमा जरा लंगडी पडते, कबूल. खालचं मँटल हे घनच आहे, तापलेला दगड, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांत हळूहळू सरकतो. पुस्तकात त्याला प्रावरण म्हणतात, आणि प्रावरण म्हणजे तर पांघरूण. म्हणजे आत पांघरूण आणि वर चिलखत, पृथ्वीला थंडी पण वाजतेय आणि युद्धावर पण जायचंय.

ही साय कुठं संपते ते कळलं भूकंपामुळं. १९०९ मध्ये क्रोएशियात एक भूकंप झाला आणि मोहोरोविचिच नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काही खोलीच्या खाली गेलेल्या लाटा एकदम वेगानं पळतात, म्हणजे तिथं दगड बदलला. आपण कलिंगडावर टिचकी मारून आतलं ओळखतो तसंच, फक्त टिचकी निसर्गानं मारलेली. खोदून बघायचा पण प्रयत्न झाला, रशियात कोला म्हणून भाग आहे तिथं १९७० मध्ये खोदायला सुरुवात केली आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर गेले, वीतभर रुंदीचं भोक, आणि तळाला तापमान निघालं १८० डिग्री. आपण केकला ओव्हन लावतो तेवढं. त्यापुढं काही जमेना, दगड मऊ होऊन भोक मिटायला लागलं. तिथल्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पण नीट पोचले असतील नसतील. पोरगा म्हणाला, "म्हणजे त्यांना साय पण फोडता आली नाही?"

आपल्याजवळ पण भोक पाडलंय, कोयनेच्या भागात, तीन किलोमीटर खोल. सासूबाईंना कोयना म्हटलं की ११ डिसेंबर १९६७ आठवतो, पहाटे सव्वाचार नंतरची वेळ, त्या लहान होत्या, कपाटावरची कळशी पडली आणि सगळी गल्ली अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर, थंडीत, उजाडेपर्यंत. त्या भूकंपाचा अभ्यास करायलाच ते भोक पाडलं. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, थरावर थर, सहा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतनं वर आलेला लाव्हा, आणि त्याखाली एकदम वेगळा, ग्रॅनाइटच्या जातीचा खूप जुना दगड. म्हणजे आपण ज्याला सह्याद्री सह्याद्री म्हणतो तो मूळ सायीवर उतू जाऊन वाळलेला थर आहे.

आणि त्याच्या पण वर अजून एक थर आहे, तोच माझा गुन्हेगार. जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावर लाखो वर्षं ऊन आणि मरणाचा पाऊस पडत राहिला, पावसानं बेसॉल्टमधलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका असलं सगळं धुवून नेलं आणि जे विरघळत नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, गंजून तांबडं झालेलं. म्हणून तर राधानगरी, शाहूवाडीकडं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, सापडतं. गंमत म्हणजे हा दगड जमिनीतनं ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीनं पण कापता येतो, आणि हवा लागली की टणक होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश माणसानं केरळात लोकांना ह्याच्या विटा कापताना बघितलं आणि १८०७ मध्ये ह्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. आपले कोकणातले चिरे तेच. आतलं ओलं ते मऊ, वारं लागलं की टणक. सासूबाई गुडघ्याबद्दल दुसरं काय म्हणत होत्या? ह्याला साय पण नाही आणि कवच पण नाही म्हणता येणार, ही डोंगराची खपलीच झाली, आणि त्या खपलीनं माझं कातडं काढलं.

हे सगळं मी जेवताना पोराला सांगितलं. नवरा म्हणाला दोन मिनिटांच्या प्रश्नाला तू दोन तास लावतेस, लग्नाच्या वेळी पण असंच, आणि सासूबाई म्हणाल्या आता ती खपली काढू नगंस बाबा.

पोरानं ऐकलं बहुतेक नीट. कारण गेल्या आठवड्यात चाचणी झाली, त्यात 'पृथ्वीच्या सर्वात बाहेरच्या थराला काय म्हणतात' ह्याचं उत्तर लिहून आलाय 'भूसाय'. बाईंनी लाल पेननं गोल करून प्रश्नचिन्ह काढलंय आणि शून्य. मी वही बघितली आणि काही बोलले नाही, माझा अर्धा मार्क तरी त्यात होता.

गुडघा आता बरा आहे. खपली कधी पडली कळलं पण नाही, अंघोळीत गेली असणार, खाली गुलाबी चकचकीत कातडं आलंय, त्यात मधोमध एक तांबडा ठिपका राहिलाय, मातीचा. डॉक्टर म्हणाले राहिला तर राहू दे.

हे लिहायलेय तोवर स्वयंपाकघरातनं घासल्याचा आवाज यायलाय. दूध तापवलेलं पातेलं रिकामं झालंय आणि सासूबाई शिंपल्यानं खरवड काढायल्यात. मालवणचा मोठा शिंपला आहे, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा, एका बाजूनं घासून घासून सरळ झालेला, चमचा दिला तर घेत नाहीत. पोरगा पाटावर बसलाय, कडा न खाणारा हाच तो, आणि साखर घाल म्हणून ओरडतोय. मी जाते, नाहीतर मला राहायची नाही.